पाच ते सहाचा पास

मित्रांनो, आमच्या घरातल्या कपड्यांच्या कपाटावर, एका जुन्या सुटकेसला टेकून, दोन शिंगांचे एक काळे डबडे बसलेले आहे. ते डबडे म्हणजे मी. मी एक जुना राउटर आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेलच. चित्र मध्येच अडकले की तुम्ही त्याच्या नावाने बोटे मोडता आणि पाहुणे आले की त्याचा पासवर्ड सांगता. एरवी तो आहे की गेला, याची कोणी चौकशी करत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी आज तोंड उघडले आहे ते वेगळ्याच कारणाने. माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे आणि ती कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. इथे पहाट होते तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे झाकण दाबून बसवले आणि पाठीवर माझ्या क्रमांकाची चिठ्ठी डकवली. तिने माझ्याकडे धड पाहिलेही नाही, कारण माझ्यामागे रांगेत अजून चारशे जण उभे होते. माझ्या पोटात एक घड्याळ असते. त्यात तिथलीच वेळ भरली गेली. मग खोका, मग अंधार, मग पुष्कळ दिवस समुद्राचे हेलकावे. शेवटी एका दुकानाच्या फळीवरून मी या घरात आलो.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. माणसे तीन. बाबा, आई आणि त्यांची एकुलती एक मुलगी. मुलगी लहानपणापासून तापट, म्हणून बाबा तिला लाडाने ठिणगी म्हणत. पुढे ती खरोखरच वेल्डिंग शिकली आणि दिवसभर ठिणग्यांतच उभी राहू लागली. हाक मारताना माणसाने जरा विचार करावा, असे आई हसून म्हणायची.

बाबा कारखान्यात टाइमकीपर होते. टाइमकीपर म्हणजे काय, ते तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. कारखान्याच्या फाटकाशी एक खिडकी असते. भोंगा वाजला की कामगार आत येतात, आणि कोण किती मिनिटे उशिरा आला ते खिडकीतला माणूस रजिस्टरात लिहितो. बाबांनी एकतीस वर्षे हेच काम केले. तास त्यांना कधी पाहावा लागला नाही, तो भोंगा सांगायचा. ते पाहायचे फक्त मिनिटे. सात मिनिटे उशीर, अकरा मिनिटे उशीर. ज्याचे नाव यादीत नाही त्याला ते आत सोडत नसत, मग तो साहेबाचा मेहुणा का असेना. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पण रजिस्टर सुटले नाही. घरी त्यांनी नवे घातले. गॅसची टाकी कधी लावली, पंख्याला तेल कधी दिले, सगळे त्यात तारीखवार.

सुरुवातीला माझे दार सर्वांना मोकळे होते. तळमजल्यावरच्या केस कापणाऱ्या काकांनी कुठूनसा आमचा पासवर्ड मिळवला आणि त्यांच्या दुकानात खुर्चीवर बसलेला आणि बाकावर खोळंबलेला, प्रत्येक जण माझ्या जिवावर गाणी ऐकू लागला. वर बाबा संगणकावर जुनी श्रुतिका लावून बसायचे आणि ऐन रंगात आलेले पात्र वाक्याच्या मध्यावर मुके व्हायचे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी आमची गत झाली होती.

तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ह्यालाही फाटक बसवू या. तुमच्यासारखं."

मित्रांनो, प्रत्येक यंत्राला जन्मतः एक बारा अक्षरी क्रमांक मिळालेला असतो. मुलगी ते क्रमांक वाचत गेली आणि बाबांनी ते आपल्या टपोऱ्या अक्षरात रजिस्टरात उतरवले. बाबांचा संगणक, टीव्ही, आईचा फोन, मुलीचा फोन. एवढ्या चौघांनाच पास. बाकी कोणी कितीही दार वाजवले तरी मी उघडायचे नाही. मग गर्दी झाली तर आधी कोणाला सोडायचे, तेही ठरले. पहिला संगणक, मग मुलगी, मग टीव्ही, सर्वांत शेवटी आई.

"माझं काय अडलंय?" आई म्हणाली. "मी थांबेन की."

माझ्या पोटातले घड्याळ इथल्या वेळेवर आणले तेही मुलीनेच. बोलता बोलता तिने ते करून टाकले. बाबांना सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे तिला वाटले नसावे. माझ्या आतल्या खोलीचा, म्हणजे जिथे हे नियम लिहिले जातात तिथला, पासवर्डही तिने ठेवला आणि तो तिच्याच डोक्यात राहिला.

त्या दिवशी तळमजल्यावरची गाणी बंद पडली आणि वर श्रुतिका शेवटपर्यंत ऐकू आली. बाबा माझ्याकडे मान वर करून म्हणाले, "माणूस असता तर ह्याला मी कायम करून घेतला असता." मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक. पुढची काही वर्षे मी त्यावरच काढली. कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही हे आपल्याला कळते, असे मला वाटू लागले. खरे तर मला काहीच कळत नव्हते. मी फक्त यादी वाचत होतो.

मग ते भांडण झाले. बाबांनी आपले जुने वजन खर्चून कारखान्याच्या कचेरीत मुलीसाठी जागा पक्की केली होती. पंखा, खुर्ची, बसून काम. आणि मुलीने सांगितले, की तिला दोन दिवसांच्या प्रवासावरच्या बंदरात बोटी बांधायच्या गोदीत वेल्डर म्हणून घेतले आहे.

"मी तिथे शब्द टाकलाय," बाबा म्हणाले.

"मला न विचारता टाकलात."

"बापाने विचारायचं असतं?"

"ज्याला खुर्चीवर बसायचंय त्याला विचारायचं असतं, बाबा."

बोलण्याने बोलणे वाढत गेले. आई दोघांच्या मध्ये कणकेचे हात घेऊन उभी होती. शेवटी बाबा म्हणाले, की गेलीस तर माझ्या फोनवर तुझे नाव दिसता कामा नये. मुलगी म्हणाली, "नाही दिसणार." आणि ती ठिणगीच होती, तिने तिथल्या तिथे आपल्या फोनात बाबांचा नंबर अडवून टाकला. हे तिने कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. बाबांनी रजिस्टर उघडून तिच्या फोनच्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली आणि पट्टी वापरून ती सरळ आली का, तेही पाहिले.

बाबांचा फोन साधा, बटणांचा. मुलीशी बोलायचे तर आईच्या फोनवरून. तो मुलीचाच जुना फोन होता. त्यात कार्ड नव्हते, तो माझ्या दारातूनच बोलत असे. त्याची काच वरच्या कोपऱ्यात तडकलेली, त्यावर आईने कापडी चिकटपट्टी लावलेली. बॅटरीही थकलेली, म्हणून कामावर जाताना आणि झोपताना आई तो पूर्ण बंद करून ठेवायची. ती एका शिवणशाळेत गणवेश शिवते. साडेचारला घरी यायची, हात धुवायची आणि फोन चालू करून टेबलावर ठेवायची. गोदीत पाचला सुट्टी होई. पाचच्या ठोक्याला मुलीचा चेहरा त्या तडकलेल्या काचेत उगवायचा, नाकावर काजळी, कपाळावर चष्म्याचा वळ. तीन आठवडे हे नीट चालले. बाबा त्या वेळी बाल्कनीत पाठ करून बसत. पण श्रुतिका लावत नसत, हे मी सांगू शकतो.

शेवटचा जो फोन झाला तो मला शब्दन् शब्द आठवतो.

"आई, इथलं ट्रेनिंग संपत आलंय," मुलगी म्हणाली. "पुढे दोन वाटा आहेत. आपल्या गावच्या बस डेपोत एक वेल्डरची जागा निघालीये, ती मला मिळू शकते. नाहीतर बोटीवर फिरतीचं काम. तीन वर्षांचा करार, सही केली की मागे फिरता येत नाही."

"मग ये की घरी."

"बाबा घेतील घरात? मी त्यांच्या पाया पडणार नाही, आई. पण तू विचार त्यांना. त्यांनी मला काही म्हणायची गरज नाही. तू नुसतं 'ये' म्हण, मी येते. सहा आठवडे आहेत माझ्याकडे. नाही म्हणाले तर... नाही म्हणाले तर तू काही बोलू नकोस. मी समजेन."

मित्रांनो, हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. त्या वाक्यानेच घात केला.

त्या दिवसापासून आईचे कशात लक्ष लागेना. रात्रीचा स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, तिचा एक डोळा फोनवर. दुसऱ्या दिवशी सगळीकडे सुट्टी होती, गोदीतून फोन यायचा नव्हता, तरी तिने सकाळपासून तो फोन उराशी धरला. दूध उतू गेले, भांडे करपले. बाबा ते पाहत होते. ते वाईट नव्हते हो. त्यांना वाटले, बायको अशाने आजारी पडेल. माणसाला वेळ बांधून दिली की त्याचा जीव स्थिर होतो, हे त्यांनी एकतीस वर्षे पाहिले होते. त्यांनी ठरवले, की आईच्या फोनला पास पाच ते सहाचा. तेवढ्या वेळात मुलीशी बोलावे, बाकी दिवस मोकळा. मुलीच्या फोनची नेमकी वेळ त्यांनीच मुद्दाम मोकळी ठेवली होती. त्यांच्या परीने ती माया होती, फक्त ती रजिस्टरात लिहिण्याजोगी माया होती.

पण नियम बदलायला माझ्या आतल्या खोलीचा पासवर्ड हवा, आणि तो मुलीच्या डोक्यात. तिला विचारतील तर ते बाबा कसले! त्यांनी एक टाचणी घेतली आणि माझ्या पाठीवरच्या बारीक भोकात खुपसून मनाशी दहा आकडे मोजले. त्याने मी सगळे विसरतो. नाव, पासवर्ड, यादी, सगळे. मी पुन्हा त्या हातमोजेवाल्या बाईच्या समोर असल्यासारखा कोरा झालो.

मग बाबांनी रजिस्टर उघडून मला पहिल्यापासून शिकवले. घराचे नाव तेच, पासवर्ड तोच. संगणकाला पास, टीव्हीला पास. लाल रेघेवर त्यांचे बोट क्षणभर थांबले आणि पुढे सरकले. आईचा फोन, पाच ते सहा. एकही अक्षर चुकले नाही. शेवटी वेळेचे पान आले. तिथे माझे घड्याळ चालताना दिसत होते, आठ वाजून बावीस मिनिटे. बाबांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. तिथे संध्याकाळचे सहा वाजून बावीस मिनिटे झाली होती. बावीसला बावीस जुळले. सेकंदसुद्धा जुळले. बाबांनी समाधानाने मान हलवली आणि पान बंद केले.

एकतीस वर्षे ज्याने मिनिटे पाहिली, त्याने मिनिटेच पाहिली. मी माझ्या जन्मगावच्या वेळेवर परत गेलो होतो. दहा तास मागे. मला तरी ते कुठे ठाऊक होते? माझ्यापुरते पोटातले घड्याळ खरे. माझे पाच वाजले की मी आईसाठी दार उघडायचो, तासभर ताटकळायचो आणि सहाला लावून घ्यायचो. कोणी यायचे नाही. यायचे कसे? तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजलेले असत, आई झोपलेली, फोन बंद. आणि इथे खरे पाच वाजत तेव्हा माझ्या घड्याळात सकाळचे सात. आईचा फोन दार वाजवायचा आणि मी म्हणायचो, आपली वेळ नाही. तो पुन्हा वाजवायचा. तासाला शेकडो वेळा. मी यादीकडे बोट दाखवायचो. मला त्या फोनचा रागसुद्धा यायचा, नेमून दिलेल्या वेळेला हा कधी हजर नसतो म्हणून.

त्याच संध्याकाळी, बाबांनी माझे पान बंद केल्यावर, आईने धीर करून विषय काढला.

"अहो, ती येऊ का विचारतेय."

बाबा बराच वेळ रजिस्टराची पाने उलटत राहिले. मग म्हणाले, "घर काय माझ्या एकट्याचं आहे?"

हा त्यांचा होकार होता. पंचवीस वर्षांच्या संसारात आईला एवढे कळत होते. तिने लगेच फोन घेतला आणि एका बोटाने लिहिले, "बाबा हो म्हणाले. ये." तिने पाठवायचे बटण दाबले. त्या ओळीच्या कडेला एक इवलेसे घड्याळ उमटले.

घड्याळ उमटले की निरोप गेलेला नसतो, वाट पाहत उभा असतो. तुम्हाला हे ठाऊक असेल. आईला नव्हते. तिचे उभे आयुष्य टाइमकीपरच्या घरात गेले. घड्याळाचा शिक्का पडला म्हणजे हजेरी लागली, एवढेच तिला माहीत. तिला वाटले, निरोप पोचला, वेळही नोंदली गेली. माझे दार बंद आहे हे सांगणारी खूण काचेच्या वरच्या कोपऱ्यात येत असे, नेमकी त्या चिकटपट्टीखाली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. मुलीचा फोन आला नाही. म्हणजे तिने केला होता, इकडे लागला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आई रोज पाचला टेबलाशी बसायची आणि लिहायची. "ये गं." "तुझी खोली झाडून ठेवलीये." "डेपोतली जागा गेली तर नाही ना?" "माझं काही चुकलं का?" प्रत्येक ओळीला घड्याळ.

एकदा तिने बाबांना विचारले, "अहो, फोन चालतोय ना नीट?"

"माझा संगणक तर चालू आहे." बाबांनी रजिस्टर उघडून तिच्यापुढे धरले. "हे बघ. पाच ते सहा, तुझी वेळ लिहिलेली आहे." लिहिलेले आहे म्हटल्यावर आईने फोन पुन्हा टेबलावर ठेवला.

चौथ्या आठवड्यात बाबा अंघोळीला गेलेले पाहून तिने त्यांच्या बटणांच्या फोनवरून मुलीचा नंबर लावला. तो लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. त्या दारालाही भांडणाच्या दिवशी कडी पडलेली होती, हे तिला कोण सांगणार? ती समजली, की पोरगी आपलाच फोन कापते आहे. शिवणशाळेत कोणाचा फोन मागावा तर चारचौघींत रडू फुटेल, म्हणून तेही नाही. तिकडे पोरगी समजत होती, की आई काही बोलत नाही म्हणजे बाबा नाही म्हणाले. दोघी शहाण्या, दोघी मानी, आणि दोघींच्या मध्ये मी बसलो होतो.

सहा आठवडे गेले. सातवा गेला. आईने वाट पाहणे सोडले नाही, पण पाचला बसताना ती आता शिवण घेऊन बसायची आणि मान वर करायची नाही.

आठव्या आठवड्यात रस्ता खोदताना कोणीतरी आमची तार तोडली. इमारतीत सगळे बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुरुस्तीवाला आला. बोलका गडी, शिडीवर चढतानाही त्याचे तोंड चालू. तार जोडून त्याने बाबांच्या संगणकावर माझी आतली खोली उघडली, सगळे ठीक आहे ना, ते पाहायला. आणि हसला.

"काका, हा पठ्ठ्या अजून सकाळच्या सात वाजून वीस मिनिटांवर बसलाय."

बाबांनी मनगट पाहिले. "वीस मिनिटं बरोबर आहेत."

"मिनिटं बरोबर आहेत हो. तास बघा की."

बाबांनी तास पाहिला. बाहेर संध्याकाळचे ऊन बाल्कनीच्या गजांतून आत येत होते. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही.

दुरुस्तीवाला पुढे वाचत होता. "आणि ह्या एका फोनला वेळेचं कुलूप कोणी घातलंय? पाच ते सहा? अहो, हे पहाटे तीनला उघडतंय."

आईच्या हातातली शिवण खाली पडली. "पहाटे तीनला? तेव्हा तर मी फोन बंद करून झोपते." मग तिने फोन त्याच्यापुढे धरला. "पण माझे निरोप गेलेत ना रे? बघ, प्रत्येकावर वेळ पडलीये."

दुरुस्तीवाल्याने त्या ओळी पाहिल्या आणि फोन हळूच टेबलावर ठेवला. "काकू," तो म्हणाला, "घड्याळ म्हणजे गेला नाही. थांबलाय."

त्याने दोन टिचक्यांत माझी वेळ सुधारली. मित्रांनो, त्या क्षणी मला कळले, की आठ आठवडे मी कोणाला दाराबाहेर उभे केले होते. मी दार उघडले. टेबलावरचा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. मुलीचे न लागलेले फोन, एकाखाली एक. चाळीसच्या वर. मग तिचे निरोप. आई ते मोठ्याने वाचू लागली, कारण तिला मनात वाचायला बळ नव्हते.

"आई, काल फोन लागला नाही." "आई, तू बरी आहेस ना?" "बाबा नाही म्हणाले का? नुसतं कळव." "अजून दोन आठवडे आहेत." "डेपोवाले उद्या विचारणार आहेत. मी त्यांना एक दिवस थांबवलंय." "आई, ये म्हण ना."

शेवटचा निरोप नऊ दिवसांपूर्वीचा होता. "सही केली. बोटीवर हा नंबर चालणार नाही, आज बंद करतेय. तू म्हणाली नाहीस, म्हणजे मी समजले. तुझ्यावर राग नाही. गुडघ्याला तेल लावत जा."

त्याच वेळी आईचे पन्नासच्या वर निरोप माझ्या दारातून एकदम बाहेर पडले. ये, ये, ये गं. प्रत्येकाचे घड्याळ जाऊन तिथे एक बारीक खूण आली. पोचल्यावर दुसरी खूण येते. ती आली नाही. एकाही ओळीवर आली नाही.

दुरुस्तीवाल्याने आपली अवजारे आवाज न करता पिशवीत भरली आणि तो निघून गेला. आई बाबांना एवढेच म्हणाली, "मी बोलावत होते हो तिला. रोज बोलावत होते." बाबांनी माझ्यातले सगळे नियम एकेक करून पुसले. पास, वेळ, यादी, रांग. बैल गेला आणि झोपा केला. मग त्यांनी रजिस्टर मिटले ते आजतागायत उघडलेले नाही.

दोन दिवसांनी ते बंदराला गेले. सहाव्या दिवशी परतले. दारात बसून बूट काढता काढता त्यांनी आईला सांगितले, की बोट केव्हाच सुटली होती. गोदीच्या कचेरीत कोणाला तरी भेटून निरोप द्यावा म्हणून ते फाटकाशी गेले, तर खिडकीतल्या माणसाने रजिस्टर पाहून सांगितले, की यादीत नाव नाही. दिवसभर ते फाटकाबाहेर उभे होते. चिठ्ठी दिली, ती त्याने घेतली, पुढे दिली की नाही ठाऊक नाही.

"भांडलात का त्याच्याशी?" आईने विचारले.

"नाही," बाबा म्हणाले. "त्याची काय चूक? मीही हेच केलं असतं." आणि बूट हातात घेऊन ते रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिले.

याला आता सव्वा वर्ष झाले. चिठ्ठीचे उत्तर नाही, पत्रांचे नाही. माझे एक शिंग मोडले आहे, अंग तापते, दिवा मध्येच विझतो. कंपनीने माझ्या जागी नवा राउटर पाठवला, तो खोक्यातच आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, नाव आणि पासवर्ड तोच ठेवला, तर मुलगी घरी आली की तिचा फोन नव्यालाही आपोआप जोडला जाईल." बाबांनी त्याचा हात धरला. "नको. मागच्या वेळीही मी सगळं तेच ठेवलं होतं." आता ते मला पुसायलाही भितात. माझी ती नियमांची आतली खोली आता आईही उघडून वाचायला शिकली आहे. रोज कामावरून आली की ती संगणकावर पाहते, आज माझ्याशी कोण कोण जोडले गेले आहे. दोन नावे असतात, कधी तीन. तिसरे टीव्हीचे असते.

मित्रांनो, दाराला कडी जरूर लावा. घरात कडी लागतेच. पण लावल्यावर एकदा स्वतः बाहेर जा आणि दार वाजवून पाहा. आत बसलेल्याला सगळे ठीकच दिसते. आणि ज्याच्या वाटेवर तुम्ही नियम लिहिता, त्याला मधूनमधून विचारत जा, की बाबा रे, तुला पोचते आहे ना? माझ्यासारख्यावर सोडू नका. आम्ही जे लिहिलेले आहे ते करतो आणि आम्हाला कधी काही वाटत नाही, निदान वेळेवर वाटत नाही.

मी फार दिवस चालणार नाही. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी बंदरात, बोटीवर, कुठे कामाला गेलात आणि नाकावर काजळी असलेली एक तापट वेल्डर बाई तुम्हाला भेटली, तर तिला माझा एवढा निरोप द्या. आई रोज ये म्हणत होती. दार मी बंद ठेवले होते.